उपसर्गाचा उपसर्ग

गेल्या रविवारी कसाऱ्याकडच्या डोंगरात भटकून उंबरमाळी स्टेशनवर येऊन बसलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डीच्या पुढचं आणि कसाऱ्याच्या अलीकडचं हे स्टेशन, तालुका शहापूर. मुंबईपासून शंभराहून जास्त किलोमीटर, पण रेल्वेच्या लेखी ‘उपनगरी’ सेवेत मोडतं. कुठलं नगर आणि कुठलं उप, ते रेल्वेलाच ठाऊक. गाड्या मोजक्या, त्यामुळे वाट बघणं भरपूर. बूट काढून, पाय पसरून, उरलेला चिवडा संपवत बसलो होतो, तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “भाऊ, मराठी वाचता येतंय ना?”

आता हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला. येतंय म्हटल्यावर त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वनहक्काच्या दाव्याचं पत्र होतं. ठाकूर समाजातले बाबा, जंगलालगत थोडी वरकस जमीन, बापजाद्यांपासून नाचणी-वरई करतात, तिचा पट्टा मिळावा म्हणून अर्ज केलेला. 2006 च्या कायद्याने तसा हक्क दिलेला आहे. पत्र एका सरकारी कार्यालयाचं, छापील, गोल शिक्का वगैरे.

मी वाचायला लागलो. पहिल्या ओळीत ‘उपरोक्त’, दुसरीत ‘अन्वये’, मग ‘अभिलेख’, मग ‘अनुषंगाने’, आणि चार ओळी संपल्यावर एक वाक्य, ज्याचा मथितार्थ असा की सदर दावा अनुज्ञेय नाही. मी थांबलो. पुन्हा वाचलं. तोवर बाबा म्हणाले, “मंजूर का नामंजूर, येवढंच सांग.”

नामंजूर.

बाबांनी कागद परत घेतला नाही. म्हणाले, दहावीतल्या नातवाने वाचला होता. त्याला तो शब्द काही कळला नाही. त्याने ‘ज्ञेय’वरून ताडलं की काहीतरी माहिती घ्यायची बाकी आहे, म्हणजे चौकशी चालू असेल. चौकशी चालू असेल तर थांबायचं, साहेब बोलावतील. म्हणून सगळे थांबले. पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरांत, वरच्या समितीकडे दाद मागायला 60 दिवसांची मुदत असल्याचं लिहिलं होतं. पत्रावरची तारीख साडेतीन महिन्यांपूर्वीची होती.

मला सांगा, त्या पोराचं काय चुकलं? दहावीच्या व्याकरणाच्या तासाला आपल्याला हेच शिकवतात ना, की शब्द न कळला तर उपसर्ग बाजूला काढा, मूळ शब्द बघा? त्याने अनु बाजूला काढला. राहिलं ज्ञेय, म्हणजे जाणण्याजोगं. बरोबर केलं त्याने! चूक त्या शब्दाची आहे. आणि तो शब्द ज्यांनी घडवला, ज्यांनी छापला, आणि ज्यांनी (म्हणजे तुम्ही-आम्ही) गेली साठ-पासष्ट वर्षं त्याच्याकडे बघून नुसते विनोद केले, त्यांची.

आजची पोस्ट उपसर्गांवर आहे. पळू नका, निपात-अव्यय वगैरे काही काढणार नाही.

गंमत बघा, मराठीत उपसर्ग या शब्दाचा दुसरा अर्थच मुळी त्रास, उपद्रव असा आहे. ‘कुणाला उपसर्ग पोहोचू नये’ असं आजी म्हणायची तेव्हा ती व्याकरणाबद्दल बोलत नसायची. शाळेत मात्र उपसर्ग म्हणजे संस्कृतातले ते प्र, परा, अप, सम् पासून उपपर्यंतचे. निस्-निर् आणि दुस्-दुर् वेगवेगळे मोजले तर 22. पाठ करायचे, दोन मार्क घ्यायचे. गुरुजींचं आवडतं उदाहरण ठरलेलं: एकच ‘हृ’ धातू, पण प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. एक उपसर्ग लावला की जेवण, दुसरा लावला की कत्तल. वर्गात सगळे हसायचे आणि गुरुजी संस्कृतच्या शक्तीचे गोडवे गायचे. त्या वेळी एक गोष्ट लक्षात आली नव्हती. या उदाहरणाचा खरा अर्थ असा आहे की आहारातून ‘आ’ काढला तर हातात काहीच उरत नाही. तो जोड इतका जुना आहे की सांधा दिसत नाही. आपण आहार हा अख्खा शब्द शिकतो, तुकडे जोडून तयार करत नाही.

इंग्रजीत हीच गोष्ट फार स्वच्छ दिसते. नकारासाठी त्यांच्याकडे दोन मोठे उपसर्ग आहेत. एक ‘अन’, त्यांच्या स्वतःच्या जुन्या इंग्रजीतून आलेला. दुसरा ‘इन’, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. शब्दकोशात दोघांच्या नावावर ढिगाने शब्द आहेत. पण नवा शब्द करायची वेळ आली की कोण धावून येतो? फेसबुकवर मैत्री तोडायची झाली तेव्हा लोकांनी ‘अनफ्रेंड’ केलं, आणि 2009 साली ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशवाल्यांनी तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ‘इनफ्रेंड’ कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अनझिप, अनइन्स्टॉल, अनफॉलो, अनडू, सगळीकडे घरचा माणूस कामाला. चार वर्षांचं इंग्रज पोर सुद्धा ‘अन’ लावून आपल्या मनाने शब्द बनवतं आणि आईला तो कळतो. लॅटिनवाला इन कोशात पेन्शन खातो. (आपण भारतीयांनी ‘पोस्टपोन’ उलटा करून ‘प्रीपोन’ केला, कुणाची परवानगी न घेता. माझ्या मते इंग्रजीत आपण केलेलं ते सगळ्यात इंग्रजी काम आहे.)

म्हणजे उपसर्ग दोन जातींचे. एक जिवंत, जो ऐकणाऱ्याला काढता-लावता येतो. दुसरा कोशातला, जो चिकटून बसलाय आणि नुसता मिरवतो. जिवंत उपसर्गाची परीक्षा सोपी: तो बाजूला काढला की खाली ओळखीचा शब्द सापडला पाहिजे, आणि काढल्याने अर्थात काय फरक पडला ते न शिकवता कळलं पाहिजे. नामंजूर पास. अनुज्ञेय नापास.

आणि हा ‘नापास’च बघा ना! पास हा इंग्रजी शब्द. पुढचा ना फारसी वळणाचा. दोघांचं लग्न महाराष्ट्रात लागलं, कुठल्याही समितीची बैठक न होता. आज कुठल्याही पाड्यावरच्या पोराला विचारा, नापास म्हणजे काय. अनुत्तीर्ण विचारू नका.

मराठीत असे जिवंत उपसर्ग भरपूर आहेत, पण त्यांचा तक्ता शाळेत कोपऱ्यात असतो, ‘फारसी उपसर्ग’ या शीर्षकाखाली, पाहुण्यासारखा. ते पाहुणे केव्हाच घरचे झाले आहेत. बे घ्या. बेकायदा, बेपत्ता हे ठीक, बाहेरून जोडूनच आले असतील. पण बेचव? चव आपली. बेभान? भान संस्कृत. बेसूर? गैर घ्या. गैरसोय, गैरसमज, सोय आणि समज अरबस्तानातून नाही आले. दर घ्या. ‘दरडोई’. दर बाहेरचा, डोई अस्सल ज्ञानेश्वरांच्या घरातली. पर कॅपिटाचा इतका नेमका प्रतिशब्द (कॅपिटा म्हणजे डोकीच की लॅटिनमध्ये) कुठल्या विद्वानाने बसून काढला असेल असं वाटत नाही. बिन घ्या. बिनव्याजी, बिनपगारी, बिनविरोध, बिनडोक. तुमच्या टीममध्ये कुणी टेस्टिंग न करता कोड चढवला तर तुम्ही त्याला ‘बिनटेस्टिंगचा’ म्हणता, म्हणता की नाही? ती शब्दनिर्मिती आहे राव. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी रागाच्या भरात करता आणि समोरच्याला कळते. आड घ्या: आडवाट, आडरान, आडनाव. इंग्रजीत आडनावाला ‘सरनेम’ म्हणतात, त्यातला ‘सर’ म्हणजे वरचं, जास्तीचं नाव. दोन भाषा, एकच युक्ती, दोन्हीकडे सांधा दिसतो.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पाटीवर असतो. उपसरपंच. सोलून बघा. पंच संस्कृत, पाच जणांचा. त्यावर सर, फारसी, म्हणजे डोकं, मुख्य. त्यावर पुन्हा उप, संस्कृत. फारसीला आतबाहेर दोन्हीकडून संस्कृतने मिठी मारली आहे. शुद्धतेच्या दृष्टीने हा शब्द म्हणजे महापातक. आणि व्यवहाराच्या दृष्टीने? एक थर काढा, सरपंच. दुसरा काढा, पंच. प्रत्येक पायरीवर माणूस उभा, प्रत्येक पायरी गावाला ठाऊक. यावरून हेही कळेल की माझं भांडण संस्कृतशी नाही. उप जिवंत आहे. उपनगर, उपवास, उपकर्णधार, उपमुख्यमंत्री (तेही हल्ली एकापेक्षा जास्त असतात). सु, कु, अति, प्रति यांचंही बरं चाललंय. अतिशहाणा म्हणायला कुणाला कोश लागत नाही.

भांडण आहे ते कारखान्याशी.

तो कारखाना कसा सुरू झाला हे बघितलं की राग थोडा कमी होतो, हे मान्य करतो. 1960 साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं, 1964 साली राजभाषा अधिनियम झाला. इंग्रजीत चालणारा सगळा कारभार मराठीत आणायचा, हजारो शब्द हवेत, तेही लवकर. पदनामकोश निघाला तेव्हाच लोकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवलं होतं. त्या मंडळींसमोर शिवाजी महाराजांचा राज्यव्यवहारकोश होता, रघुनाथपंत हणमंत्यांच्या हाताखाली झालेला, ज्यात सरनोबताचा सेनापती झाला. त्यांच्यासमोर सावरकरांचं भाषाशुद्धीचं काम होतं, ज्यातून महापौर आला आणि टिकला, दूरध्वनी आला आणि अर्धामुर्धा टिकला, आणि कायद्याला सुचवलेला निर्बंध कायद्यासाठी काही टिकला नाही. शेजारी हिंदीचं उदाहरण होतं. राज्यघटनेच्या 351 व्या कलमात हिंदीने शब्दसंपत्तीसाठी मुख्यतः संस्कृतकडे बघावं असं सांगितलंय. मराठीला असं कुणी सांगितलेलं नाही. पण आपण न सांगता गृहपाठ करणारे हुशार विद्यार्थी.

मग त्यांनी 22 उपसर्गांचा तक्ता काढला आणि इंग्रजी शब्दासमोर एकेक ठोकायला सुरुवात केली. परिणाम बघायचा तर एकटा ‘अधि’ घ्या. अधिनियम, अधिसूचना, अधिग्रहण, अधिवास, अधिभार, अधिमूल्य, अधिदान, अधिव्याख्याता, अधिपरिचारिका, अधिसेविका, अधिष्ठाता. आता सांगा, अधि म्हणजे काय? अधिभारात तो ‘जास्तीचा’ आहे, ठीक. अधिनियमात? नियमापेक्षा जास्त नियम? अधिदान म्हणजे म्हणे पेमेंट. जास्तीचं दान नव्हे, तुमच्याच हक्काचे पैसे. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स. साध्या नर्सपेक्षा ती किती अधि? अधिवास म्हणजे डोमिसाईल. कॉलेजच्या ॲडमिशनला आपण सगळे डोमिसाईल काढायला गेलो, आणि खिडकीवर ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ वाचून चुकीच्या रांगेत आहोत असं वाटून परत फिरलेला निदान एक जण मला ठाऊक आहे. (मीच.)

विंडोजवर सी++ लिहिलेल्यांना ही भानगड ओळखीची वाटेल. हंगेरियन नोटेशन! चार्ल्स सिमोनी नावाचा मूळचा बुडापेस्टचा माणूस, झेरॉक्स पार्क आणि मग मायक्रोसॉफ्टमध्ये. त्याने व्हेरिएबलच्या नावाआधी छोटे उपसर्ग लावायची पद्धत आणली. त्याची मूळ कल्पना झकास होती: उपसर्गाने ती गोष्ट कसली आहे हे सांगायचं. ओळीचा आकडा असेल तर एक उपसर्ग, स्तंभाचा असेल तर दुसरा, म्हणजे ओळीत स्तंभ मिसळला तर डोळ्यालाच खटकेल. पण पुढे विंडोजच्या टीममध्ये त्याचा अर्थ घेतला गेला, की नुसता डेटा टाईप लिहायचा. तो कंपायलरला आधीच माहीत असतो! मग ‘एलपीएसझेड’सारख्या अक्षरांची झालर प्रत्येक नावाला लागली, वाचणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. जोएल स्पोल्स्कीने 2005 साली यावर एक सुंदर लेख लिहिला होता, जुन्या वाचकांना आठवत असेल. थोडक्यात, पहिल्या प्रकारात उपसर्ग वाचणाऱ्यासाठी काम करतो. दुसऱ्या प्रकारात तो फक्त नाव वेगळं दिसावं म्हणून असतो.

सरकारी अधि दुसऱ्या प्रकारचा आहे. तो अर्थ सांगत नाही, ‘हा सरकारी शब्द आहे’ एवढंच सांगतो. गोल शिक्क्यासारखा.

आणि शिक्के एकमेकांसारखे दिसायला लागले की मजा. मंत्रालयात अवर सचिव असतात, म्हणजे अंडर सेक्रेटरी, शिडीच्या खालच्या बाजूला. आणि अपर मुख्य सचिव असतात, म्हणजे ॲडिशनल चीफ सेक्रेटरी, जवळपास शिखरावर. अवर आणि अपर. एका अक्षराचा फरक, तोही झेरॉक्स फिकट निघाली तर पुसला जाणारा. लोकांनी यावर आपला उपाय शोधलाय. वर्तमानपत्रं काढून बघा, ‘अप्पर पोलीस अधीक्षक’, ‘अप्पर तहसीलदार’. संस्कृत अपरचा इंग्रजी अप्पर झाला! आता अप्पर म्हणजे वरचा. पण अप्पर जिल्हाधिकारी हा जिल्हाधिकाऱ्याच्या वर नसतो. म्हणजे लोकांनी शब्दाला अर्थ द्यायचा प्रयत्न केला आणि तो नेमका उलटा पडला. त्यांना हसू नका. माणसाच्या डोक्याला बिनअर्थाचा उपसर्ग सहन होत नाही, तो काहीतरी अर्थ बसवतोच. त्या नातवानेही तेच केलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं गावाकडचं, आपल्याला काय. बरं. शहापूर-मुरबाडचे ‘एनए प्लॉट’ विकणाऱ्यांचे मेसेज तुमच्याही फोनवर येत असतील. एनएला गावात बिनशेती म्हणतात; चार वर्षांच्या पोराला कळेल असा शब्द, बिन अधिक शेती. कागदावर तो ‘अकृषिक’ असतो. तुमची शिकाऊ ‘अनुज्ञप्ती’ आठवते का? लायसन हो. त्याला आधी परवाना म्हणत, आणि परवाना नसला की विनापरवाना. परवाना मोडीत काढून अनुज्ञप्ती आणली, तीच बाबांच्या पत्रातल्या अनुज्ञेयची सख्खी बहीण. ‘परवानगी नाही’ लिहिलं असतं तर दहावीतला काय, दुसरीतला नातू सुद्धा सांगू शकला असता. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्रीनंतर तर सगळा देशच रांगेत होता. लोक म्हणाले नोटाबंदी. पुस्तकी मराठीत तेच निश्चलनीकरण. चलन काढून घेणं असं त्यांना म्हणायचंय, ऐकू येतं मात्र निश्चल करणं. एटीएमसमोर चार तास निश्चल उभं राहिल्यावर मला हा शब्द थोडा पटलाही होता. :)

आता स्वतःचं पाप. काही वर्षांपूर्वी एका सॉफ्टवेअरचं मराठीकरण करायला हौसेने गेलो होतो. शब्दांची यादी वाटून घेतली. ‘इन्स्टॉल’ला स्थापित ठरलं होतं, माझ्याकडे ‘अनइन्स्टॉल’ आलं. दोन मिनिटांत मी ‘विस्थापित करा’ लिहून मोकळा. व्याकरण चोख, वि अधिक स्थापित, सगळ्यांनी वाहवा केली. तिकडे शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, 1892 सालचं. भातसा आहे, ज्यातून मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा जातो. धरणाखाली ज्याची जमीन गेली त्याला विस्थापित म्हणतात. हा एक सरकारी उपसर्गवाला शब्द गावाने अंगावर सोसून शिकलाय. आणि मी तो गेम काढून टाकायच्या बटणावर चिकटवला. कुणी लक्षात आणून दिलं नाही, कारण आमच्या टीममध्ये धरणाकडून कुणी आलेलं नव्हतं, नळाकडून सगळे आले होते. याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि ‘विहीर अधिग्रहण’ होतं. म्हणजे टंचाईपुरती तुमची विहीर सरकार वापरायला घेतं. ‘वापरायला घेणे’ असं लिहिलं तर काय बिघडेल, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

म्हणजे एक उत्तर नेहमी येतं, ते मला माहीत आहे. कायद्याला नेमके शब्द लागतात, बोलीतले शब्द ढिले असतात. ठीक, नेमकेपणाच बघू. जमीन महसुलाच्या कायद्यात रिव्हिजनला पुनरीक्षण म्हणतात आणि रिव्ह्यूला पुनर्विलोकन. एक वरच्या अधिकाऱ्याने तपासायचं, दुसरं ज्याने आदेश दिला त्याच पातळीवर पुन्हा बघायचं. दोन वेगळे रस्ते, दोन वेगळी दारं. शब्दांवरून सांगा बरं कुठलं कुठलं? ईक्षण आणि विलोकन, दोन्ही बघणंच, दोन्हीला पुनर्. फरक शब्दात नाही, तो कलमात आहे, आणि कलम वाचलेल्यालाच कळतो. मग ‘वरची तपासणी’ आणि ‘फेरविचार’ म्हटलं असतं तर कलम काय कमी नेमकं झालं असतं? उलट फेर हा किती गुणी आहे बघा: फेरमतदान, फेरतपासणी, फेरनिवडणूक, फेरफार. जिवंत, कामसू, सातबाराच्या फेरफारामुळे शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातला.

आणि ज्या इंग्रजांकडून हे कायदे आले त्यांनी स्वतःच्या घरी काय केलं? 1999 साली इंग्लंडमध्ये दिवाणी न्यायालयांचे नवे नियम आले, तेव्हा ‘प्लेंटिफ’ जाऊन ‘क्लेमंट’ आला, ‘एक्स पार्टे’ जाऊन ‘विदाउट नोटीस’ आलं. लॅटिन काढून टाकलं म्हणून तिथली कोर्टं बुडाली नाहीत. एक्स पार्टेला आपल्याकडे ‘एकतर्फी’ होतंच की, केव्हापासून.

दुसरं उत्तर येतं की सरकारला सोपं लिहिता येत नाही. साफ खोटं. 1977 च्या कायद्याचं नाव ‘रोजगार हमी’ आहे. 2005 सालचा ‘माहितीचा अधिकार’ शब्दशः तेच सांगतो. 2021 साली ‘ई-पीक पाहणी’ आली, आणि माझ्या मते ते गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात देखणं सरकारी नाव आहे. इलेक्ट्रॉनिकमधलं एक अक्षर, पीक, पाहणी. ॲप चालत नाही म्हणून शेतकरी शिव्या घालतो, पण नाव कळलं नाही म्हणून नाही. महावितरण, महारेरा वगैरेंमध्ये तर महा या प्राचीन उपसर्गाचा अर्थच आपण बदलून ‘महाराष्ट्राचा’ असा केलाय, तोही कुणाला न विचारता. म्हणजे जिथे लोकांनी वापरावं अशी खरी इच्छा असते तिथे यांना जिवंत उपसर्ग बरोबर सापडतात. नकार कळवायचा असला, काही काढून घ्यायचं असलं, मुदत संपवायची असली, की तक्त्यातले बावीस बाहेर पडतात. कुणी ठरवून करतं असं मी म्हणत नाही. कारकून जुन्या पत्रातला मजकूर नव्या पत्रात चिकटवतो, आपण स्टॅक ओव्हरफ्लोवरून चिकटवायचो तसाच. पण चिकटवलेल्या कोडने सर्व्हर पडला तर आपल्याला रात्री दोनला उठवतात. चिकटवलेल्या अनुज्ञेयसाठी कुणाला उठवत नाहीत.

बाबांची गाडी माझीच होती. खर्डीला उतरायचं होतं त्यांना. तेवढ्या वेळात मी त्यांच्या कागदाच्या मागे पेनने लिहून दिलं: दावा नामंजूर झाला आहे, वर दाद मागायला 60 दिवस होते, ते संपले, कागदाची तारीख अमुक. त्यांनी ते वाचायला लावलं, दोनदा. मग विचारलं, आता? मी म्हटलं, विचारून सांगतो.

सोमवारी ऑफिसातून एका वकील मित्राला फोन केला. तो म्हणाला, उशीर का झाला ते लिहून, उशीर माफ करा असा अर्ज जोडून दाद मागायला सांग, बघू काय म्हणतात. मी विचारलं, कारण काय लिहायचं? पत्रातला शब्द समजला नाही असं सरळ लिहिलं तर चालेल का?

तो हसला. म्हणाला, “तसं नको लिहूस. ‘अपरिहार्य कारणास्तव’ असं लिही.”